ज्याने ‘किंडरगार्टन’ हा शब्द दिला, त्याच्याच बालवाड्यांवर सरकारने बंदी घातली होती

शाळाप्रवेशाचे दिवस आले की आईबापांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसरा विषय नसतो. कुठल्या शाळेचे फॉर्म निघाले, ज्युनिअर केजीची फी किती, मुलाखत पोराची घेतात की आईबापांची. पोरगं जेमतेम तीन-चार वर्षांचं, पण त्याचं दप्तर, वह्या आणि गिरवायची अक्षरं सगळं आधीच ठरलेलं असतं.

केजी म्हणजे किंडरगार्टन, हे बहुतेकांना माहीत असतं. शब्द जर्मन आहे आणि त्याचा अर्थ मुलांची बाग. पण ज्या माणसाने हा शब्द तयार केला, त्याच्या बागेत अक्षरं गिरवणं नव्हतं. तिथे होते लोकरीचे चेंडू, लाकडी ठोकळे, काड्या, कागद, माती आणि प्रत्येक मुलाच्या नावाचा एकेक वाफा. त्या ठोकळ्यांवर चित्र नव्हतं, आकडा नव्हता, रंगही नव्हता. मुलाला वाटलं तर ती खुर्ची, नाहीतर पूल, नाहीतर नुसतीच एक सुंदर नक्षी.

आता यात कुणाला भीती वाटावी असं काय आहे? पण १८५१ साली प्रशियाच्या सरकारला ती वाटली. किंडरगार्टनवर बंदी आली, आणि ती उठायच्या आधीच तो म्हातारा गेला.

त्याचं नाव फ्रीड्रिख फ्रोबेल.

२१ एप्रिल १७८२ हा त्याचा जन्म. गाव ओबरवाइसबाख, थुरिंगियाच्या डोंगराळ जंगलातलं. तेव्हा जर्मनी नावाचा एक देश नव्हता, लहानमोठ्या संस्थानांची गोधडी होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. वडील योहान याकोब हे चर्चचे पाद्री, आणि कामात बुडालेले. फ्रीड्रिख वर्षाचाही झाला नव्हता तेव्हा आई वारली.

वडिलांनी दुसरं लग्न केलं. सावत्र आईने सुरुवातीला त्याला जवळ घेतलं, पण तिला स्वतःचं मूल झालं आणि चित्र पालटलं. ती त्याला ‘तू’ म्हणायची बंद झाली आणि समोरासमोर ‘तो’ म्हणू लागली. त्या काळच्या जर्मनमध्ये वरच्या माणसाने नोकराचाकराशी असं बोलायची रीत होती. आपल्या घरात रोज आपल्याशी परक्यासारखं बोललं जातंय, हे त्या पोराच्या इतकं मनाला लागलं की चाळिशी उलटून गेल्यावर आयुष्याची हकीकत लिहितानाही त्याने ही गोष्ट आवर्जून नोंदवली.

वडिलांना तो मंद वाटायचा. गावातल्या मुलांच्या शाळेऐवजी त्यांनी त्याला मुलींच्या शाळेत बसवलं. बाकीचा वेळ तो एकटाच घराच्या आवारात आणि बागेत काढायचा. शेवटी तो दहा वर्षांचा असताना मामाला दया आली आणि तो त्याला आपल्याकडे श्टाटइल्म या गावी घेऊन गेला. मामाकडची चार-पाच वर्षं त्याच्या बालपणातली सगळ्यात चांगली. बरोबरीच्या पोरांबरोबर मनसोक्त खेळणं म्हणजे काय, ते त्याला तिथे कळलं.

लहान मुलांच्या खेळावर ज्याने अख्खं आयुष्य लावलं, त्याच्या स्वतःच्या लहानपणी खेळ एवढाच.

पुढची काही वर्षं म्हणजे नुसती धरसोड. पंधराव्या वर्षी त्याला एका वन अधिकाऱ्याच्या हाताखाली उमेदवारीला ठेवलं. त्या साहेबाला शिकवायला सवड नव्हती, म्हणून फ्रोबेल त्याच्या कपाटातली पुस्तकं वाचून वनस्पती आणि भूमिती स्वतःच शिकला. १७९९ मध्ये येना विद्यापीठात शिकणाऱ्या भावाला पैसे पोचवायला म्हणून गेला आणि तिथेच शिकायला राहिला. तिथे आपल्या वाट्याचे पैसे त्याने भावाला उसने दिले. ते परत आले नाहीत, स्वतःवर कर्ज झालं आणि विद्यापीठाच्या कोठडीत नऊ आठवडे काढावे लागले. वडिलांनी सोडवलं खरं, पण वारशावरचा हक्क सोडल्याचं लिहून घेतल्यावर!

त्यानंतर कारकुनी, जमिनीची मोजणी, जमीनदाराकडे हिशेब लिहिणं असली कामं झाली. तेविसाव्या वर्षी, म्हणजे १८०५ मध्ये, तो आर्किटेक्ट व्हायचं ठरवून फ्रांकफुर्टला गेला. तिथे ग्रूनर नावाच्या मुख्याध्यापकांशी गाठ पडली. त्यांनी त्याला पाहिलं, बोलले, आणि आपल्या शाळेत शिकवायला या म्हणाले. फ्रोबेल वर्गात उभा राहिला, आणि भावाला कळवून टाकलं की इतकी वर्षं जे शोधत होतो ते मिळालं.

ग्रूनर हे पेस्तालोझीचे चाहते. पेस्तालोझी म्हणजे त्या वेळी युरोपभर गाजत असलेला स्वित्झर्लंडचा शिक्षक. घोकंपट्टी सोडा, मुलाला वस्तू बघू द्या, हात लावू द्या, मग शब्द सांगा, असं त्याचं तत्त्व. फ्रोबेल त्याची इवेर्दाँची शाळा बघायला गेला, आणि नंतर १८०८ ते १८१० अशी दोन वर्षं आपले तीन विद्यार्थी घेऊन तिथे राहिला. भारावून गेला, पण एक गोष्ट त्याला खटकत राहिली. तिथे वस्तू मुलासमोर असायची, मूल तिचं निरीक्षण करायचं. पण मूल स्वतः काही बनवतंय, आतलं काही बाहेर काढतंय, हे कुठे होतं?

या प्रश्नाचं उत्तर त्याला शाळेत मिळालं नाही. ते मिळालं दगडांत.

१८१२ मध्ये तो बर्लिनला प्राध्यापक ख्रिस्तिआन सामुएल वाइस यांच्याकडे स्फटिकशास्त्र शिकायला गेला. मध्येच १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या लढाईत ल्युत्सोच्या स्वयंसेवक पलटणीत भरती झाला. तिथे लांगेथाल आणि मिडेनडोर्फ हे दोन तरुण भेटले, ते जन्माचे साथीदार झाले. युद्धावरून परत आल्यावर वाइस यांच्याच खनिज संग्रहालयात साहाय्यक म्हणून नोकरी लागली. काम काय, तर स्फटिक तपासायचे, लावायचे, त्यांची नोंद करायची.

मिठाचा खडा भिंगाखाली बघितलाय कधी? चौकोनी ठोकळा दिसतो. तो कुणी बाहेरून तासलेला नसतो, आतल्या मांडणीमुळे तो तसा वाढतो. फ्रोबेल दिवसच्या दिवस अशा आकारांमध्ये बसायचा. निर्जीव दगडसुद्धा आतल्या नियमाने बाहेर वाढत असेल, तर मुलाला बाहेरून ठोकून आकार देण्याची ही काय घाई, असं त्याला वाटू लागलं. पुढे त्याने मुलांच्या हातात जे दिलं ते गोल, घन आणि दंडगोल होतं. ते या संग्रहालयातूनच आलं, असं म्हणायला हरकत नाही.

नोकरी चांगली होती. पण १८१३ मध्ये त्याचा भाऊ ख्रिस्तोफ वारला होता आणि मागे तीन पोरं राहिली होती. १८१६ मध्ये फ्रोबेलने संग्रहालय सोडलं आणि ग्रीसहाइम गावात शाळा काढली. विद्यार्थी किती? पाच. पाचही पुतणे. तीन ख्रिस्तोफचे, दोन दुसऱ्या भावाचे. ख्रिस्तोफच्या पोरांमध्ये एकाचं नाव युलिउस होतं, एकाचं कार्ल. ही दोन्ही नावंही लक्षात ठेवा.

दुसऱ्या वर्षी शाळा काइलहाउ या खेड्यात गेली. लांगेथाल आणि मिडेनडोर्फही येऊन मिळाले. १८१८ मध्ये फ्रोबेलचं विल्हेल्मिनशी लग्न झालं. बर्लिनच्या सुखवस्तू घरातली ही बाई त्या खेड्यातल्या ओढाताणीत येऊन राहिली आणि शेवटपर्यंत राहिली. शाळेत अभ्यासाबरोबर शेतकाम, भटकंती, बांधकाम सगळं होतं. विद्यार्थी साठाच्या घरात गेले. मग सरकारी संशयाचे दिवस आले. ज्या शाळेत मुलं मोकळेपणाने वागतात तिथे बंडखोरी शिकवत असणार, असा वहीम. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने उलट शाळेची तोंडभरून स्तुती करणारा अहवाल दिला, पण पालकांच्या मनात एकदा पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. १८२९ च्या सुमारास विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतके उरले. याच धामधुमीत, १८२६ मध्ये, त्याचं ‘माणसाचं शिक्षण’ या अर्थाच्या नावाचं मुख्य पुस्तक आलं. ते वाचायला जड आहे. फ्रोबेल लिहायला बसला की वाक्याला अंतच नसे. त्याचं खरं म्हणणं कळतं ते त्याच्या ठोकळ्यांतून.

१८३१ ते १८३६ ही वर्षं त्याने स्वित्झर्लंडमध्ये काढली. तिथे बुर्गडोर्फच्या अनाथालयाची जबाबदारी त्याच्याकडे होती. शाळेच्या वयाआधीची मुलं तिथे रोज डोळ्यांसमोर होती. सहा-सात वर्षांचं मूल शाळेत येतं तेव्हा बरंच काही घडून गेलेलं असतं, किंवा बिघडून गेलेलं असतं, ही गोष्ट त्याच्या मनात इथे पक्की झाली. आणि त्या वयाचं मूल शिकतं कसं? खेळून. आजवर मोठी माणसं ज्याला वेळ घालवणं समजत आली, ते त्या वयाचं मुख्य काम आहे, असं त्याचं म्हणणं. आज हे वाक्य कुठल्याही प्री-स्कूलच्या माहितीपत्रकावर सापडतं. तेव्हा ते वेडगळपणाचं होतं.

पंचावन्नाव्या वर्षी, १८३७ मध्ये, त्याने ब्लांकेनबुर्ग या लहानशा गावात नवा डाव मांडला. शाळा नव्हे, आधी साहित्य. लहान मुलांसाठीच्या खेळण्यांचा संच बनवायचा आणि तो खोक्यात घालून घरोघरी पाठवायचा. या खोक्यांना त्याने नाव दिलं ‘भेटी’.

पहिली भेट म्हणजे लोकरीचे सहा मऊ चेंडू, सहा रंगांचे, दोरी लावलेले. हे तान्ह्या बाळासाठी. चेंडू येतो, जातो, लपतो, परत येतो.

दुसऱ्या भेटीत लाकडाचा गोल, घन आणि दंडगोल. गोल घरंगळतो, घन बसतो, दंडगोल दोन्ही करतो. आणि यात एक जादू आहे. घनाला दोरीने टांगून गरगर फिरवला की डोळ्यांना दंडगोल दिसतो. दंडगोल फिरवला की त्यात गोल दिसू लागतो. घरी करून बघण्यासारखं आहे.

तिसऱ्या भेटीपासून खरी मजा. दोन इंची लाकडी घन, पण आठ सारख्या तुकड्यांत कापलेला. तो द्यायचीही पद्धत ठरलेली. खोकं टेबलावर उपडं ठेवायचं, झाकण हळूच सरकवून काढायचं आणि खोकं अलगद उचलायचं. समोर अख्खा घन उभा. मूल तो मोडतं आणि आठ तुकडे हाती येतात. त्यांची खुर्ची होते, जिना होतो, खाट होते. मध्ये चार आणि भोवती चार मांडले की तारा होतो. अर्धे, पाव, अष्टमांश हेही कुणी न शिकवता हाताला कळतं. दोन नियम होते. एक म्हणजे आठही तुकडे वापरायचे, एकही बाजूला टाकायचा नाही. दुसरा, एका आकारातून दुसऱ्यात जाताना सगळं पाडायचं नाही, असलेलं सरकवत सरकवत नवं करायचं. शेवटी पुन्हा घन करून खोक्यात.

चौथ्या भेटीत आठ विटा. पाचवीत सत्तावीस घन, त्यातले काही तिरपे कापलेले, म्हणजे एकूण एकोणचाळीस तुकडे. आता छप्पर उतरतं करता येतं. पुढे लाकडी टिकल्या, काड्या, कड्या. भिजवलेल्या वाटाण्यांत काड्या खोचून केलेले सांगाडे. कागदाच्या घड्या, पट्ट्यांचं विणकाम, मणी, माती.

आज या प्रकाराला ‘ओपन-एंडेड’ साहित्य म्हणतात, म्हणजे ज्याचा एकच एक उपयोग ठरलेला नाही असं. प्लास्टिकची मोटार ही मोटारच असते, बटण दाबलं की वाजते आणि चौथ्या दिवशी पलंगाखाली जाते. ठोकळा सकाळी मोटार असतो, दुपारी इस्त्री आणि संध्याकाळी फोन. खेळण्याने जितकं कमी सांगितलं तितकं मुलाला जास्त काम पडतं. आपल्याकडे भातुकलीत वाळूचा भात आणि पाल्याची भाजी करणाऱ्या पोरींना हे कुणी समजावून सांगायची गरज पडली नव्हती. फ्रोबेलचं मोठेपण हे की कुणीतरी हे गंभीरपणे घेतलं, त्यातली भूमिती ओळखली आणि ते वर्गात आणलं.

पण तो काही अगदी मोकळं रान देणारा नव्हता, हेही सांगायला हवं. भेटींना क्रमांक होते, क्रम होता, प्रत्येक आकारामागे त्याचं गूढ तत्त्वज्ञान होतं. चेंडू म्हणजे विश्वाची एकता, वगैरे. मुलांना त्याचं काही देणंघेणं नव्हतं, पण शिष्यांना होतं. त्याचा परिणाम पुढे दिसला.

१८३९ मध्ये विल्हेल्मिन गेली. १८४० च्या वसंतात तो साथीदारांबरोबर डोंगरवाटेने ब्लांकेनबुर्गला चालला होता. कामाला साजेसं नाव महिनोन् महिने सुचत नव्हतं. असं सांगतात की खाली दरीतलं गाव दिसलं आणि वाटेतच त्याला नाव सापडलं. किंडरगार्टन. २८ जून १८४० रोजी त्याची रीतसर घोषणा झाली. पैसा उभा करायला जर्मन स्त्रियांना दहा टालरचा एक असे शेअर विकायची योजना होती. शेअर फारसे खपले नाहीत. १८४४ मध्ये ब्लांकेनबुर्गचा पसारा आवरावा लागला.

मग तो गावोगाव फिरू लागला. व्याख्यानं द्यायची, खेळ दाखवायचे आणि तरुण मुलींना तयार करायचं. ही शेवटची गोष्ट साधी नव्हती. शिक्षक म्हणजे पुरुष, हे तेव्हा ठरलेलं. बायकांना बाहेर पडून रीतसर शिकता येईल आणि स्वतःच्या पायावर उभं राहता येईल असं एक काम फ्रोबेलने तयार केलं. लहान मुलांना सांभाळणं ही आयांची आणि दायांची गोष्ट न राहता त्याला प्रशिक्षण लागतं, हे त्याने मांडलं. त्याच्या वर्गांना तरुणींची गर्दी व्हायची ती उगीच नाही.

१८४९ मध्ये तो लीबेनश्टाइनला आला. पाण्याच्या औषधी झऱ्यांसाठी लोक जिथे हवापालटाला येतात असं गाव. तिथे आलेल्या बेर्था फोन मारेनहोल्त्स-ब्यूलो या सरदार घराण्यातल्या बाईच्या कानावर आलं की गावात एक म्हातारा खुळा आलाय, खेड्यातल्या पोरांबरोबर टेकडीवर नाचतो. ती बघायला गेली. लांब पांढऱ्या केसांचा माणूस, भोवती अनवाणी पोरं, गाणं आणि फेर. ती तिथेच थांबली, आणि पुढची सगळी हयात तिने त्या खुळ्याच्या कामाला वाहिली. पुढच्या वर्षी माइनिंगेनच्या ड्यूकने जवळचा मारियेनथालचा वाडा फ्रोबेलला वापरायला दिला. जून १८५१ मध्ये त्याने लुइस लेविन या आपल्या विद्यार्थिनीशी लग्न केलं. तो एकोणसत्तर वर्षांचा, ती त्याच्याहून तीसेक वर्षांनी लहान. घरच्यांना ते रुचलं नाही. पण आयुष्यात पहिल्यांदाच सगळं जागेवर आल्यासारखं दिसत होतं.

आणि ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाचा शिक्षणमंत्री फोन राउमर याने हुकूम काढला. किंडरगार्टन हा फ्रोबेलच्या समाजवादी पद्धतीचा भाग आहे, तो मुलांना नास्तिक बनवतो, म्हणून राज्यात सर्वत्र बंद.

झालं असं होतं की १८४८ मध्ये युरोपभर राजांविरुद्ध उठाव झाले होते. ते दडपले गेले आणि मग संशयाचं राज्य आलं. त्या उठावात युलिउस फ्रोबेल पुढे होता. व्हिएन्नात त्याला पकडून मृत्युदंडही सुनावला होता, नंतर माफी मिळाली. त्याचा भाऊ कार्ल हॅम्बर्गमध्ये स्त्रियांच्या उच्चशिक्षणाची संस्था चालवत होता. त्याने एक पुस्तिका छापली होती, विषय मुलींची महाविद्यालयं आणि किंडरगार्टन. हुकमात दाखला याच पुस्तिकेचा होता. म्हणजे मंत्र्याने काकाला पुतण्याच्या नावावर शिक्षा दिली. ज्या पुतण्यांसाठी संग्रहालयाची नोकरी सोडून शाळा काढली, त्यांच्यातलेच हे दोघे.

फ्रोबेलने मंत्र्याला लिहिलं. पुस्तिका माझी नाही, माझं काम येऊन बघा. मग राजाला लिहिलं. काही झालं नाही. चूक लक्षात आल्यावरही मंत्र्याने बंदी उठवली नाही, कारण काका काय अन् पुतण्या काय, त्याच्या लेखी विचार एकच. नुसता नावाचा घोळ म्हणून ही गोष्ट नेहमी सांगतात, पण मला ते पुरेसं वाटत नाही. बायका घराबाहेर पडून शिक्षिका होतायत, श्रीमंत-गरिबांची पोरं एकत्र खेळतायत, आणि धर्माचे पाठ पाठ करून घेण्याऐवजी मुलांना स्वतः जुळवू-मोडू देतायत. राजेशाहीच्या मंत्र्याला हे आवडण्यासारखं नव्हतंच. नावाचा घोळ हे निमित्त.

मारियेनथाल प्रशियात नव्हतं, त्यामुळे त्याचं स्वतःचं केंद्र चालू राहिलं. पण उत्तरेतल्या सगळ्यात बलाढ्य राज्याने दार लावल्यावर उरलेल्यांत काय वजन राहणार? १८५२ च्या वसंतात सत्तरावा वाढदिवस विद्यार्थिनींनी आणि पोरांनी साजरा केला. त्यानंतर गोथा इथे शिक्षकांचं मोठं संमेलन होतं. फ्रोबेल सभागृहात शिरला तेव्हा सगळी सभा उठून उभी राहिली. तीन आठवड्यांच्या आत, २१ जून १८५२ रोजी, तो गेला. जवळच्या श्वाइना गावात त्याची कबर आहे. तिच्यावर दगडी घन, त्यावर दंडगोल, त्यावर गोल, म्हणजे दुसरी भेटच रचून ठेवलेली.

बंदी १८६० मध्ये उठली. त्यात सगळ्यात मोठा वाटा त्या सरदार घराण्यातल्या बेर्थाबाईंचा. पण तोपर्यंत बंदीने एक उलटंच काम केलं होतं. १८४८ नंतर जे जर्मन देश सोडून गेले, त्यांच्याबरोबर किंडरगार्टनही गेलं. मार्गारेट शुर्त्स या फ्रोबेलच्या विद्यार्थिनीने १८५६ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या वॉटरटाउनमध्ये आपल्या मुलीसाठी आणि नातलगांच्या मुलांसाठी वर्ग सुरू केला. १८६० मध्ये बोस्टनला एलिझाबेथ पीबडीने इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठी काढला. १८७३ मध्ये सेंट लुइस शहरात सुझन ब्लो यांनी तो सरकारी शाळेत आणला. १८७६ मध्ये टोकियोतही किंडरगार्टन होतं.

त्याच १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मोठ्या प्रदर्शनात एका बाईने या भेटी पाहिल्या आणि आपल्या नऊ वर्षांच्या पोरासाठी आणल्या. तो पोरगा म्हणजे फ्रँक लॉइड राइट, पुढे अमेरिकेचा सगळ्यात नावाजलेला आर्किटेक्ट. ते गुळगुळीत मॅपलचे ठोकळे अजून माझ्या बोटांत आहेत, अशा अर्थाचं त्याने म्हातारपणी लिहून ठेवलंय. बकमिन्स्टर फुलर या दुसऱ्या एका भन्नाट संशोधकानेही सांगितलंय की किंडरगार्टनमध्ये वाटाणे आणि काड्या जोडताना त्याने त्रिकोणांचा सांगाडा केला, कारण त्याला नीट दिसत नव्हतं आणि कुठला आकार हलत नाही हे तो हाताने चाचपत होता. जगभर गाजलेले त्याचे घुमट अशाच त्रिकोणांचे आहेत.

हे झालं यश. दुसरी बाजूही आहे. किंडरगार्टन पसरलं तशी भेटींची पोथी झाली. टेबलावर इंच-इंचाच्या चौकटी आखलेल्या, बाई सांगणार, पहिला ठोकळा इथे, दुसरा तिथे. चाळीस मुलं एकाच वेळी एकच खुर्ची करणार. मुलाने वेगळं काही केलं तर ते चुकलं. ज्या माणसाला बाहेरून घडवण्याचा तिटकारा होता, त्याच्याच ठोकळ्यांनी ही कवायत सुरू झाली. यात शिष्यांचा दोष मोठा, पण त्या क्रमांकांचा आणि नियमांचा साचा गुरूनेच दिला होता.

न्यूयॉर्कमध्ये कॅरोलाइन प्रॅट या शिक्षिकेने हे प्रशिक्षण घेतलं आणि ती वैतागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिने भेटींचा क्रम, नियम, तत्त्वज्ञान सगळं बाजूला ठेवलं आणि फक्त ठोकळा उचलला. आकार मोठा केला, कारण दोन-चार वर्षांच्या मुलाला टेबलापेक्षा जमीन बरी. मापं एकमेकांच्या दुप्पट-निमपट ठेवली, रंग दिला नाही. ते ठोकळे जमिनीवर ओतायचे आणि बाजूला व्हायचं. आज जगभरच्या चांगल्या बालवर्गांत जे साधे लाकडी ठोकळे दिसतात, ते बहुतेक तिच्याच मापाचे.

आणि आपल्याकडे? १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या. परत लगेच न येता त्यांनी तिथे किंडरगार्टनच्या शिक्षिकांचं प्रशिक्षण घेतलं. विधवा मुलींना पायावर उभं करायचं तर त्यांना कुठलं काम शिकवावं, हा रमाबाईंच्या डोक्यातला प्रश्न होता. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं, ते ही शिदोरी घेऊन.

त्यानंतर पन्नासेक वर्षांनी, १९४५ मध्ये, ताराबाई मोडक मुंबई सोडून बोर्डीला गेल्या. त्यांची वाट माँटेसोरीकडून आलेली, फ्रोबेलकडून नव्हे. पण अडचण त्यांच्यापुढेही साहित्याचीच होती. माँटेसोरीचं महागडं सामान खेड्यातल्या बालवाडीला परवडणारं नव्हतं, आणि वस्तीतली पोरं शाळेपर्यंत येतच नव्हती. मग ताराबाई आणि अनुताई वाघ शाळाच पोरांच्या अंगणात घेऊन गेल्या. सामान गावातच पडलेलं होतं. समुद्रावरचे शिंपले, बिया, खडे, पानं, फुलं. मोजायला तेच, रांगोळी मांडायला तेच, आणि बाजार मांडून बसायलाही तेच.